पुढे बाई, मागे मी

"शेपूट?" असं बाई रांगेच्या पुढच्या टोकाकडून ओरडायच्या, आणि मी मागच्या टोकाकडून "आहे!" म्हणून ओरडायचे. दर रविवारी सकाळी विश्रामबागवाड्यापासून शनिवारवाड्यापर्यंत हे असंच चालायचं. बाईंच्या हेरिटेज वॉकचं शेपूट म्हणजे मी. पुढे बाई, मधे जमतील तेवढी माणसं, आणि सगळ्यात मागे मी. माझं काम एवढंच, की माझ्या मागे कोणी राहायला नको.

ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकजण फोटो काढायला थांबतो, दुसरीला तुळशीबागेच्या तोंडाशी कानातली दिसतात, एखाद्या आजोबांना मधेच स्वच्छतागृह हवं असतं, आणि बाई तर थांबत नाहीत. दोन्ही टोकं सांधताना माझा घसा कोरडा पडायचा. वर्ध्याहून आई फोनवर विचारायची, "सुटीच्या दिवशी त्या बाईच्या मांगं काहून फिरत राह्यते वं?" मी विषय बदलायचे.

नोकरीसाठी मी वर्ध्याहून पुण्यात आले आणि कोथरूडला खोली घेऊन राहिले. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. दुसऱ्याने केलेल्या गोष्टीत काय काय बिघडू शकतं ते आधीच शोधून काढायचं, याचा मला पगार मिळतो. पण ही सवय ऑफिस सुटल्यावर सुटत नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी जिन्यातून परत वर जाते. लिफ्टमध्ये शिरले की आधी बटणांशेजारचा अलार्म शोधते. पहिल्यांदा बाईंच्या वॉकला गेले तेव्हाही बेलबागेच्या दाराशी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, दोघं मागे राहिलेत."

बाई गर्रकन वळल्या. "तुम्ही मोजत होतात?"

"हो."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग आता मी सांगते."

माझी नेमणूक झाली ती एवढ्यावरच.

बाई सत्तरीच्या. किरकोळ बांधा, इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मुलींच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर पी.टी. शिकवली होती. मग इतिहास कुठून आला, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "इतिहासाच्या बाईंना दम लागायचा. म्हणून सहल माझ्याकडे." लग्न केलं नव्हतं. सदाशिव पेठेत एकट्या राहायच्या. जवळचं माणूस म्हणजे बिबवेवाडीची भाची, आणि आता त्या तिच्याचकडे असतात.

वॉकच्या ग्रुपवरचा त्यांचा निरोपसुद्धा त्यांच्यासारखाच होता. "रविवारी नेहमीची वेळ. ज्यांना उशीर होतो त्यांनी पुढच्या रविवारी वेळेवर यावे." जमल्यावर पहिलं काम हजेरी. "नावं सांगू नका, नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. आपापलं गाव सांगा, आणि मोठ्याने." मग सांगली, लातूर, हडपसर, बंगलोर अशी गावं बोलायला लागायची, आणि पुढचे दोन-अडीच तास बाई माणसांना त्याच नावांनी हाका मारायच्या. "अहो लातूर, फुटपाथवर या." "बंगलोर, तो फोन खिशात ठेवा, वाडा पळून जात नाही." मला त्या अर्थातच "वर्धा" म्हणायच्या.

इतिहास सांगायच्या तो नेमका, एकही शब्द जास्तीचा नाही. दंतकथा अजिबात चालायच्या नाहीत. शनिवारवाड्यापाशी कोणीतरी हमखास विचारायचंच, "इथे पौर्णिमेला हाक ऐकू येते म्हणतात, खरं का?" बाई म्हणायच्या, "या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला तुमचा प्रश्न दोनदा विचारावा लागला. ती हाक कुठून ऐकू येणार?"

पण त्यांचा अर्धा जीव इतिहासात नसायचाच. तो असायचा कुठे काय कोसळेल, कोण कशाखाली येईल, यात. जुन्या सज्जाखाली उभं राहायचं नाही. ओळीने लावलेल्या दुचाक्यांच्या बाजूने चालायचं नाही, कारण एक पडली की सगळ्या पडतात. सिलिंडरचा टेम्पो दिसला की सगळ्यांनी समोरच्या बाजूला. बाजीराव रस्ता ओलांडताना सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, मग तुम्ही कोणी का असेना. मोठमोठे साहेब लोक हात धरून, ओशाळं हसत रस्ता ओलांडताना मी पाहिलेत. बाई रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभ्या राहायच्या आणि शिट्टी फुंकायच्या. स्कूटरवाले थांबायचे. एकदा तर ट्रॅफिक पोलीससुद्धा थांबला होता.

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. त्यांना जे दिसत होतं तेच मलाही दिसत असायचं, पडणारी कौलं, घसरणारी चाकं, गर्दीत सुटलेला हात. माझ्यापेक्षा जास्त घाबरणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते चारचौघांत शिट्टी वाजवून घाबरत होतं. मी मात्र इतकी वर्षं लपूनछपून घाबरत आले होते.

वॉकला नेहमी येणाऱ्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की म्हणे शाळेच्या सहलीत बाईंच्या हातून एक मुलगी हरवली होती, तेव्हापासून त्या अशा झाल्या. मी एकदा चहा पिताना धीर करून विचारलं.

"एकही मुलगी हरवली नाही," बाई म्हणाल्या. "हरवली असती तर आज निवांत असते. होऊन गेलं म्हटलं असतं."

"मग एवढी भीती?"

"प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का हो तुम्हा लोकांना? मी लहानपणापासून भित्री आहे. चहा प्या, गार होतोय."

यानंतरची गोष्ट त्या गॅलरीची. बेलबागेकडून पुढे जाताना एका गल्लीत भांड्यांच्या दुकानावर जुनी लाकडी गॅलरी होती. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत गेलेले खांब, आणि वरच्या तुळईला लोंबणारी लाकडी केळफुलं. नकाशात नाही, कुठल्या पाटीवर नाही, पण बाईंची फार लाडकी. बाकी सगळीकडे त्या सैनिकासारख्या बोलायच्या, इथे मात्र आवाज मऊ व्हायचा.

त्या रविवारी रांगेच्या शेवटी मी गल्लीत वळले, तेव्हा बाई समोर उभ्या राहून सांगत होत्या, "आता वर बघा. डावीकडून तिसरं केळफूल बघा. त्याची एक पाकळी तुटली आहे. तुटली ती बाजू सुताराने पुन्हा घासून गुळगुळीत केलेली आहे. टाकून दिलं नाही, घासलं. हे मला फार आवडतं."

मी वर पाहिलं. वर हिरवी जाळी होती. जाळीमागे बांबूंची परांची, आणि बांबूंमागे काही नव्हतं. गॅलरी काढून नेली होती. नुसती भिंत उरली होती, तिच्यात तुळया उपटल्याची काळी भोकं.

लोक वर बघत होते, मग बाईंकडे, मग एकमेकांकडे. एक तरुण मुलगा टाळ्या वाजवून म्हणाला, "सही! म्हणजे आता इमॅजिन करायचं!" सगळ्यांना ते पटलं. हा बाईंचा पुणेरी टोमणाच, पाडणाऱ्यांना मारलेला. लोक खूश होऊन पुढे निघाले. मीही क्षणभर तसंच धरलं होतं. पण टाळ्या वाजल्या तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिला होता. टाळ्या का वाजल्या हे त्यांना कळलेलं नव्हतं.

तिथून शनिवारवाड्यापर्यंत मी माणसं मोजलीच नाहीत. मी बाईंचे पाय बघत होते. प्रत्येक पायरीपाशी त्यांचा कॅनव्हासचा बूट आधी कड चाचपायचा, मगच वजन टाकायचा. मला ती पी.टी.ची शिस्त वाटत आली होती. निरोप लिहिण्याऐवजी त्या अलीकडे बोलून पाठवायच्या, तेव्हा मला वाटलं होतं, आळस. आणि ती मोठ्या आवाजातली हजेरी! त्या गावं लक्षात ठेवत नव्हत्या. आवाज लक्षात ठेवत होत्या.

वॉक संपल्यावर आम्ही नेहमीच्या अमृततुल्यमध्ये बसलो. मी म्हटलं, "बाई, ती गॅलरी काढून नेली."

त्यांनी कपाची कड बोटाने शोधली, घोट घेतला. मग आधी विचारलं, "केळफुलं पण?"

"सगळंच."

"हं." आणखी एक घोट. "मधोमध दिसत नाही मला. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुमचा चेहरा नाही दिसत, कान दिसतात. कान बरे आहेत तुमचे."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"इंजेक्शनं झाली डोळ्यांत. आता म्हणतात, आहे ते टिकवा."

"आणि तुम्ही एवढ्या लोकांना घेऊन अंदाजाने चालताय?"

"अंदाजाने नाही," बाई एकदम ताठ झाल्या. "पाठ आहे मला." मग खालच्या आवाजात, "कोणाला सांगू नका. भाचीला तर नाहीच. ती मला त्याच दिवशी रिक्षात घालून नेईल."

त्यानंतरचे रविवार मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसात एखादी चूक सापडली की ती लिहून काढता येते, कोणाच्या तरी नावावर टाकता येते, दुरुस्त झाली की मिटवता येते. ही सापडलेली गोष्ट मला कुणाला सांगताही येत नव्हती. मी बाईंना म्हटलं, मी पुढे चालते, तुमच्या शेजारी. "शेपूट पुढे आलं की त्याला शेपूट म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. म्हटलं, निदान बाजीराव रस्ता टाळू. "आणि विश्रामबागवाडा काय फोटोत दाखवू?"

म्हणून मी मागेच राहायचे, माना चुकवत पुढे बाईंच्या पांढऱ्या बुचड्याची गाठ शोधत. ती दिसली की श्वास यायचा. दिसेनाशी झाली की मी टाचा उंचावायचे. लोक मला मजेने विचारायचे, "ताई, तुम्ही किती टेन्शन घेता!" मी हसून वेळ मारून न्यायचे. बाई मात्र पाठ केलेल्या रस्त्यावरून तशाच चालायच्या, ठरलेल्या जागी थांबायच्या, बरोबर त्याच दगडाकडे बोट दाखवायच्या. कधी कधी मला वाटायचं, मीच उगाच जीव टांगणीला लावते आहे.

मग एका रविवारी तो पाठ केलेला रस्ताच बदलला. लाल महालाच्या अलीकडे कसल्याशा कामासाठी खोदलं होतं, पत्रे लावून वाट एका बाजूला वळवली होती. बाई पत्र्याला हात लावत वळल्या. त्यांच्यामागून पाच-सहा जण गेले आणि नेमका एक टेम्पो मागे येत येत आमच्या मधे आडवा झाला. बाकीची रांग अडकली. पुढे गेलेले पाच-सहाजण, रांग तुटली असं वाटून, चांगुलपणाने आमच्यासाठी परत फिरले. "बाई आहेत ना पुढे," त्यांच्यातला एकजण मला म्हणाला. "त्या बोलतायत. आत्ता गाठू त्यांना."

टेम्पो हलला तेव्हा पुढे बाई नव्हत्या.

मी "बाई!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. लोकांना म्हटलं, इथून कोणीही हलू नका, आणि पळत सुटले. पत्र्यांच्या कडेने, चिखलाच्या पायवाटेवरून. एका बाजूला गल्ली फुटत होती, तिच्यात डोकावले. फुलवाल्या, नारळाचा ढीग, पांढरी गाठ कुठेच नाही. एका फुलवालीला विचारलं, शिट्टी घातलेल्या आजी बघितल्या का? तिने पुढे बोट केलं. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली, लांब, पुन्हा पुन्हा, आणि तिच्यावर हॉर्न.

बाई शिवाजी रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. दोन्ही हात पसरलेले, गाड्यांकडे तोंड, पाठ आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे, जिथे आम्ही असायला हवं होतं तिकडे. पाठीमागे कोणी नव्हतं. मोकळा रस्ता. त्या रिकाम्या रस्त्याला पाठीशी घालून बाई सगळ्या वाहतुकीसमोर उभ्या होत्या आणि शिट्टीच्या मधे ओरडत होत्या, "हात धरा! हात सोडू नका! चला लवकर!" एक बस त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर करकचून थांबली होती. ड्रायव्हर खिडकीतून बाहेर लोंबकळून काहीतरी बोलत होता. दुचाक्या त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघत होत्या. एकीच्या आरशाला साडीचा पदर घासून गेला.

आणि बाई विचारत होत्या, "शेपूट? अहो, शेपूट?"

मी रस्त्यात कशी शिरले ते आठवत नाही. त्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "आहे. सगळे आलेत. चला."

पलीकडच्या फुटपाथवर आल्यावर त्यांनी कान टवकारले. एवढी माणसं आल्याचा काहीच आवाज नव्हता. त्यांना कळलं.

"कोणी नव्हतं का हो माझ्यामागे?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाई."

मी त्याच दुपारी भाचीला फोन केला. करणार आहे हे बाईंना आधी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "करा." संध्याकाळी त्यांचा बोललेला निरोप आला. "वर्धा, तुम्हाला जे करायचं ते तुम्ही केलंत." आणि वॉकचा ग्रुप बंद झाला.

भाचीने त्यांना बिबवेवाडीला नेलं. भाची चांगली बाई, तिचा मला फोन यायचा. म्हणायची, मावशी खिडकीशी बसून राहते, जेवते, बोलत नाही. मी दोनदा भेटायला गेले. दोन्ही वेळा बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा मात्र द्यायला लावला. परतताना बसमध्ये मला वाटायचं, गाडीखाली गेल्या नाहीत खऱ्या, पण मग हे जे खिडकीशी बसलंय ते वाचवलं म्हणायचं का? रविवारी सकाळी सवयीने जाग यायची आणि मनात मोजणी सुरू व्हायची, मोजायला कोणी नसतानाही.

बऱ्याच महिन्यांनी निरोप आला. लिहिलेला, भाचीकडून लिहवून घेतलेला. "रविवारी वॉक आहे. फक्त शनिवारवाडा. नेहमीची वेळ."

मी अर्धा तास आधी पोचले. माणसं जमत होती, बरीच जुनी, काही नवीन. रिक्षा थांबली. आधी भाची उतरली, माझ्याहूनही घाबरलेल्या चेहऱ्याची. मग कॅनव्हासचे बूट. बाईंनी भाचीचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातात पांढरी काठी होती. ती काठी बघून लोक बाजूला सरकले. बाईंनी एकदा घसा साफ केला.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस दिसत नव्हतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या जिवाशी खेळ झाला तो. कोणाला काही झालं नाही, त्यात माझी काही कर्तबगारी नाही." मग थोडं थांबून, "मागे त्या वर्धा असतील. त्यांनी माझी चुगली केली. बरं केलं असं मी म्हणणार नाही."

कोणीतरी हसलं. मला हसावं की रडावं कळेना.

"तर आज मी काही दाखवणार नाही. दिल्ली दरवाजा तुमच्यासमोर आहे. काय दिसतंय ते तुम्ही सांगायचं. चुकलात तर मी सांगीन."

आधी एकजण म्हणाला, मोठं दार आहे. "ते मला रिक्षावाल्यानेही सांगितलं." दुसरी म्हणाली, दाराला लोखंडी खिळे आहेत, अणकुचीदार. "कशासाठी?" हत्तीने धडक मारू नये म्हणून. "बरोबर. पुढे." मग एक मध्यमवयीन बाई, ती पहिल्यांदाच आली होती, भीतभीत म्हणाली, "त्या खिळ्यांच्या मधे एक कबूतर बसलंय. गळा फुगवून. झोपलंय बहुतेक."

बाईंनी तिच्या आवाजाकडे मान वळवली. आम्हाला वाटलं, आता फटकारणार.

"खिळ्यांच्या मधे?"

"हो. बरोबर मावलंय."

"इतकी वर्षं हे दार दाखवते आहे," बाई सावकाश म्हणाल्या, "हे मी कधी पाहिलं नव्हतं. हत्तीचा बंदोबस्त केला, कबुतराचं कोणाच्या लक्षातच आलं नाही." आणि त्या चक्क हसल्या.

मग सगळेच एकदम बोलायला लागले. रांग मोडली, माणसं दारापाशी गेली, बुरुजाखाली गेली, कोणी कुठे कोणी कुठे. मी सवयीने मोजायला लागले आणि बाईंकडे पाहिलं. त्या मोजत नव्हत्या. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान किंचित तिरकी करून, त्या कडेने जेवढं दिसेल तेवढ्या दाराकडे बघत ऐकत होत्या.

"एकेकाने बोला," त्या ओरडल्या. "मागून सुरुवात करा. वर्धा! वर काय दिसतंय?"

मी वर पाहिलं. एवढ्या रविवारांत मी या दाराशी शेकडो माणसांच्या पाठी पाहिल्या होत्या. दाराच्या वर काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"लाकडी... सज्जासारखं आहे, बाई," मी म्हटलं. "मोठं. त्याला खांब आहेत."

"खांब सगळ्यांनाच दिसतात. कसले?"

"वर निमुळते होत गेलेले. त्यांच्यामधे कमानी. आणि कमानींतून पलीकडचं आकाश दिसतंय."

"आणि?" बाई म्हणाल्या. मी वरच्या तुळईला केळफुलं आहेत का ते शोधायला लागले.